मालकिणीच्या दारावर

"शर्टाची बटणं काढा, आजोबा."

सिस्टर इतक्या सहज म्हणाल्या, की कडीमामांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. खोलीत काचेच्या पेट्या होत्या, त्यांच्या बाजूला लुकलुकणारी यंत्रं होती आणि पडद्याआड दोन तरुण बायका आपापल्या बाळांना छातीशी धरून बसल्या होत्या. पुरुष म्हणावेत असे ते एकटेच.

"कोण, मी?"

"दुसरं कोण आहे इथे आजोबा म्हणण्यासारखं? बाळाची आई वरच्या मजल्यावर सलाइन लावून पडलीय. वडील तिकडे लांब कामावर. आजी नाहीत म्हणालात. मग उरलं कोण?"

"अहो, पण मी गडीमाणूस."

"छाती आहे ना? ऊब आहे ना? मग झालं. ऊब गड्याची की बाईची, ते काही ही पोरगी विचारत नाही."

कडीमामांनी जन्मभर गळ्यापर्यंत बटणं लावली होती. भर उन्हाळ्यात अंगाची लाही होत असतानाही वरचं बटण त्यांनी कधी उघडलं नव्हतं. आता एका परक्या बाईसमोर, भरदिवसा, शर्ट उघडा टाकून बसायचं म्हणजे त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण सिस्टरांचा आवाज हुकूम सोडणाऱ्या माणसाचा होता, आणि हुकूम मोडणं मामांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बटणं काढली.

मामा बाटल्यांच्या कारखान्याच्या फाटकावर नोकरी करून रिटायर झाले होते. सगळी उमर त्या एका फाटकावर गेली. भोंगा झाला की फाटक बंद, मग कोणी कितीही गयावया करो. उशिरा येणारे कामगार लांबूनच एकमेकांना ओरडायचे, "पळ रे, कडी लागली!" पुढे ते नाव त्यांनाच चिकटलं. मामांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकदा तर त्यांनी खुद्द मालकांनाच अडवलं होतं. मालक नव्या गाडीतून आले, काचा काळ्या, आत कोण बसलंय ते दिसेना. "पास दाखवा," मामा म्हणाले. ड्रायव्हर हसला. मामा हसले नाहीत. शेवटी मालकांना खाली उतरून तोंड दाखवावं लागलं. ही गोष्ट मामांनी घरात इतक्यांदा सांगितली होती, की लहानपणी त्यांच्या लेकीला झोपेतून उठवलं असतं तरी ती तिनं शेवटापर्यंत म्हणून दाखवली असती. "मालक काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, या माणसाला फाटकावरून कधी हलवू नका." आणि खरोखरच हलवलं नाही. बढतीसुद्धा दिली नाही.

आता ती लेक वर पडली होती. सातव्या महिन्यातच तिचं ब्लडप्रेशर एवढं चढलं, की डॉक्टरांनी घाईघाईनं मूल बाहेर काढलं. आई आणि बाळ दोघींना वाचवायचं तर दुसरा इलाज नाही, असं त्यांनी जावयाला फोनवर सांगितलं. जावई रस्ते बांधणाऱ्या कंपनीत मशीन चालवायचा, धावत आला, आठवडाभर राहिला आणि डोळे पुसत परत कामावर गेला. मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणून मामा.

सिस्टरांनी पेटीतून नात काढली. टोपी, मोजे आणि लंगोट, एवढाच तिचा पोशाख. कातडी इतकी पातळ, की आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. तिचे पाय बेडकासारखे दुमडून, मान एका कुशीला वळवून त्यांनी तिला मामांच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून कापडी पट्टा बांधला.

"कान तुमच्या काळजावर आला पाहिजे. हां. असंच."

मामांनी श्वास रोखून धरला.

"तुम्ही श्वास घ्या हो," सिस्टर म्हणाल्या. "तिला मध्येच श्वास घ्यायचा विसर पडतो, म्हणून तर तुम्हाला बसवलंय. तुमचा वरखाली होणारा ऊर कळला, की तिलाही आठवण राहील."

मामांनी हळूच श्वास सोडला. छातीवर काही आहे असं वाटतच नव्हतं, इतकी ती हलकी होती. पण थोड्या वेळानं ऊब लागू लागली, आणि मग एक मूठ उघडली, मामांच्या छातीवरचा एक पांढरा केस तिनं पकडला आणि मूठ मिटली. मामा उठेपर्यंत तो केस त्यांनी सोडवून घेतला नाही.

स्वतःची लेक झाली तेव्हा मामा ड्यूटीवर होते. तिला त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं ते बायको माहेराहून परतल्यावर, आणि तेही चार माणसं बघताहेत म्हणून लगेच खाली ठेवलं होतं. आता रोज सकाळी ते आंघोळ करून, नखं कापून, तंबाखूची पिशवी घरी ठेवून दवाखान्यात येऊ लागले. चार दिवसांत ती पिशवी त्यांनी फेकूनच दिली. दुपारी नर्सांची पाळी बदलायची, तेव्हा नवी सिस्टर आली की ते बसल्या बसल्या रिपोर्ट द्यायचे. "मालकीणबाई दूध प्यायल्या. एकदा श्वास विसरल्या होत्या, सिस्टरांनी तळपायाला टिचकी मारली, लगेच आठवला. बाकी सगळं ठीक."

"मालकीणबाई कोण?"

"ह्या काय," मामा खाली हनुवटीनं दाखवायचे. "एवढी माणसं दिमतीला आहेत, म्हणजे मालकीणच नाही का?"

सगळा वॉर्ड तिला मालकीण म्हणू लागला. लेक हिंडूफिरू लागली, खुर्चीत बसून बाळ छातीशी घेऊ लागली, तरी दुपारची पाळी मामांनी सोडली नाही. "तू जरा पड," ते लेकीला म्हणायचे, "मी आहे." बाप आपल्या पोरीला छातीशी घेऊन बसलेला पाहून लेकीला पहिल्यांदा रडू आलं होतं. नंतर सवय झाली.

एके दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आले. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांचे डोळे तपासावेच लागतात, असं सिस्टर म्हणाल्या. लेक दूध काढायला आत गेली होती, म्हणून काचेपलीकडून पाहायला फक्त मामा होते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, थोड्या वेळानं पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून बारीकसा चिमटा लावला आणि कपाळावरच्या दिव्याचा झोत आत सोडला. मालकीण ओरडली. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज निघेल असं मामांना वाटलं नव्हतं. मग आवाज एकदम बंद झाला. ओठ निळे पडले. यंत्र ठणाणा करू लागलं, नर्सा धावल्या, तळपाय चोळले, नाकाशी ऑक्सिजन धरला. ती परत गुलाबी झाली तोपर्यंत मामांनी काचेवर कपाळ टेकवलं होतं, आणि ते बाजूला झाले तेव्हा काचेवर घामाचा ओला डाग राहिला होता.

"घाबरू नका," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "या तपासणीत होतं असं कधीकधी. आत्ता डोळे ठीक आहेत, पण आतल्या रक्तवाहिन्यांची वाढ पुरी व्हायची आहे. दोन आठवड्यांनी परत बघावं लागेल."

मामांनी त्यातलं 'ठीक आहेत' तेवढं ऐकलं. बाकीचं बोलणं चालू असताना त्यांच्या डोळ्यांसमोर ते निळे ओठच होते.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरांनी दोघांना समोर बसवलं. बाळाला छातीशी घेणं चालू ठेवा. अंगावरचंच दूध, दुसरं काही नाही. हात धुतल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. सर्दी-खोकलेवाला माणूस दारातसुद्धा नको. गार वाऱ्यात नेऊ नका. कौतुक करायला येणाऱ्यांना स्पष्ट नाही म्हणा, लोकांना वाईट वाटलं तर वाटू द्या. साध्या सर्दीनंही हिला परत इथे यावं लागेल, आणि दर वेळी आपलं नशीब साथ देईलच असं नाही.

"माणसं अडवायचं काम ना?" मामा म्हणाले. "त्याची काळजीच सोडा, सिस्टर."

"आणि डोळ्यांच्या तपासणीला आणायचं. ते चुकवायचं नाही."

लेकीनं मान हलवली. मामा अजून आधीच्याच सूचना मनातल्या मनात घोकत होते.

घर दोन खोल्यांचं, दार थेट गल्लीत उघडणारं. मामांनी दारात स्टूल टाकलं. शेजारी पाण्याची बादली, साबण, धुतलेला टॉवेल. मालकिणीला छातीशी घेऊन बसायची दुपारची पाळीही घरी चालूच राहिली. शेजारीण बाळ बघायला आली, तिला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं. मामांची सख्खी बहीण लांबचा प्रवास करून आली, तिला नाक चोंदलंय म्हणून परत पाठवलं. ती रागानं लालबुंद होऊन गेली आणि पुढे कित्येक महिने भावाशी बोलली नाही. जावई सुट्टीवर आला तर त्याला मागच्या मोरीत आंघोळ करून, कपडे बदलूनच आत घेतलं. "माझंच घर, माझीच पोर, आणि मला गेटपास," तो बायकोला म्हणाला. पण हसत म्हणाला, कारण पोर अंग धरत होती. गाल वर येत होते. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं नातीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. खोटं नव्हतं ते.

तपासणीचा दिवस उजाडला तो बोचरं वारं घेऊन. लेकीनं बाळाला गुंडाळलं, टोपी घातली, पिशवी भरली. निघणार तेवढ्यात मालकीण शिंकली. मामा दारात आडवे झाले.

"आज नाही जायचं."

"बाबा, तारीख आहे आज."

"तारीख पुढे जाते. बाहेर बघ वारं कसं सुटलंय. तिथं जाऊन बसायचं रांगेत, दहा पोरं खोकताहेत. आणि मग त्यांनी तो चिमटा लावायचा. तू नव्हतीस तेव्हा. मी बघितलंय तिला निळं पडताना."

"पण सिस्टर म्हणाल्या होत्या—"

"सिस्टरच म्हणाल्या वाऱ्यात नेऊ नका म्हणून. अगं, जरा अंग धरू दे तिला. डोळे काय कुठे पळून चाललेत?"

लेक पिशवी धरून उभी राहिली. किती तरी दिवसांची तिची झोप झाली नव्हती. त्या निळ्या ओठांबद्दल तिनं ऐकलं होतं, आणि आत कुठेतरी तिलाही जायचं नव्हतं. तिनं टोपी काढली आणि पिशवी खिळ्याला परत अडकवली.

आठवडाभरानं दारात एक बाई आल्या. आरोग्य केंद्रातल्या, खांद्यावर झोळी, पायांत धुळीनं भरलेल्या चपला. लेक आत बाळाला घेऊन झोपली होती.

"लवकर झालेलं बाळ याच घरात ना?" बाईंनी विचारलं आणि पदरानं नाक पुसलं.

मामांनी ते बरोबर टिपलं. "तुम्हाला सर्दी झालीय."

"धुळीनं हो. सकाळपासून फिरतेय. मी हात धुते, तोंडाला बांधते. बाळाला दोन मिनिटं बघते आणि आईशी जरा बोलते."

"आई झोपलीय. बाळही झोपलंय."

"मग आईला तेवढं उठवा. अर्जंट आहे. डोळ्यांची तपासणी राहिलीय बाळाची."

"माहीत आहे. नेणार आहोत. थंडी ओसरली की."

"थंडीसाठी थांबू नका आजोबा. या आठवड्यातच न्या. मी आईला समजावून सांगते, मला दाराशी तरी येऊ द्या."

"सांगितलं ना, नेणार आहोत."

मामा स्टुलावरून उठून दारात उभे राहिले. फाटकावर असे शेकडो आले होते. कोणाची आई आजारी, कोणाचं पोर पडलं, कोणाचं साहेबांकडे महत्त्वाचं काम. फाटकावर येणारा प्रत्येक माणूस अर्जंट म्हणतो. सगळ्यांना आत सोडलं असतं तर फाटक हवंच कशाला? बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, पुन्हा एकदा म्हणाल्या, "आईला निरोप द्या हं, नक्की." आणि पुढच्या घरांकडे गेल्या. मामांनी दार लोटून कडी घातली.

लेक उठल्यावर त्यांनी निरोप दिला नाही. लपवावा असं काही मनात नव्हतं. सांगितलं तर ती उगाच काळजी करील आणि याच थंडीत पोरीला घेऊन निघेल, एवढाच विचार त्यांनी केला. थंडी गेली की आपणच आठवण करू. मग थंडी गेली, पण तोवर मालकीण इतकी बाळसेदार दिसू लागली, की तपासायचं काय ते कोणालाच आठवेना. ती हसायची. आवाजाकडे मान वळवायची. मामांचं पाऊल वाजलं की हात हवेत उडवायची.

"बाबा, ही माझ्याकडे बघत नाही," लेक एकदा म्हणाली.

"बघते की."

"माझ्या आवाजाकडे बघते. माझ्याकडे नाही. मी न बोलता समोर गेले, तर ती छताकडेच बघत राहते."

"अगं, वय मोजायचं कसं ते डॉक्टरांनी सांगितलंय ना? लवकर झालेली पोर. तेवढे महिने वजा करायचे. सगळं उशिरानंच करणार ती."

हे खरंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून लेक गप्प बसली. पुढे तिनं जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेव्हा मामांनी महिने वजा केले.

एका सकाळी दारातून ऊन आत आलं होतं. लेक पोरीला मांडीवर घेऊन उन्हात बसली, आणि तिरपं ऊन बाळाच्या डोळ्यांत पडलं. बाळानं डोळे मिटले नाहीत. काळ्या बुबुळांत दोन्हीकडे पांढुरकी झाक होती.

"बाबा," लेक म्हणाली. नुसतं तेवढंच. मामांनी चपला घातल्या.

त्या दिवशीही वारं होतं. कोणाच्या ध्यानात आलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर या वेळी एक तरुण बाई होत्या. बराच वेळ तपासून झाल्यावर त्यांनी खुर्ची लेकीच्या अगदी जवळ ओढून घेतली, आणि त्या खुर्ची ओढण्यावरूनच मामांना कळायचं ते कळलं.

"डोळ्याच्या मागे एक पडदा असतो," त्या म्हणाल्या. "आपल्याला दिसतं ते त्याच्यावर. त्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या आईच्या पोटात शेवटच्या महिन्यांत पुऱ्या होतात. ही त्याआधीच बाहेर आली. शिवाय जगवायला ऑक्सिजन द्यावा लागला. अशा बाळांत त्या वाहिन्या कधीकधी वेड्यावाकड्या वाढतात आणि पडद्याला ओढून जागेवरून काढतात. दोन्ही डोळ्यांचा पडदा निसटलाय."

"मग आता?" लेकीनं विचारलं. "चष्मा?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "ऑपरेशन करून बघता येईल. पण तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. झालाच फायदा, तर उजेड-अंधार कळण्यापुरता."

"आणि आधी आलो असतो तर?"

"आधी लेसरनं त्या वाहिन्या थांबवता येतात. वेळेत झालं तर बहुतेक मुलांची नजर वाचते." त्यांनी फाइल उलटली. "तुम्ही आला नाहीत तेव्हा घरी कोणी आलं नाही का? तपासणी चुकलेल्या बाळांच्या घरी आरोग्य केंद्रातून माणूस पाठवतात."

"नाही हो," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला. "कोणीसुद्धा आलं नाही. मी रात्रंदिवस घरातच असते. एक माणूस आलं असतं, एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी धावत आले असते. कोणी आलंच नाही!"

खोलीत एवढंच ऐकू येत होतं की मालकीण मुठी चोखतेय. मामा भिंतीशी उभे होते. कानावर हात ठेवले असते तरी कोणाला कधी कळलं नसतं. त्या बाई कोण, कुठल्या, कोण शोधायला जाणार होतं? पण फाटकावर कोण आलं आणि कोण गेलं, याबद्दल कडीमामा उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते.

"आल्या होत्या," ते म्हणाले.

लेकीनं वळून पाहिलं.

"तू झोपली होतीस. अर्जंट आहे म्हणाल्या. तुला उठवा म्हणाल्या. मी येऊ दिलं नाही." त्यांचा हात वरच्या बटणाशी गेला आणि तिथेच राहिला. "निरोप दिला होता त्यांनी. मी तुला दिला नाही."

लेक ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मामांना पुढे कैकदा वाटलं. तिनं पोरीला शालीत गुंडाळलं आणि डॉक्टरांना ऑपरेशनबद्दल विचारू लागली, एकेक गोष्ट, दोनदोनदा. मामा बाहेर जाऊन बाकावर बसले. समोरून एक माणूस तान्ह्या बाळाला घेऊन आत गेला. मामांनी त्याला जायला वाट करून देण्यासाठी उगाचच पाय मागे घेतले.

घरी आल्यावर लेकीनं पहिली गोष्ट केली ती ही, की दारातलं स्टूल उचलून आत कोपऱ्यात ठेवलं. रागानं आपटलं नाही, नीट ठेवलं. त्या दिवसापासून मामा बाहेर पायरीवर बसू लागले. जेवायला हाक आली की आत जायचे, खाली मान घालून जेवायचे आणि परत पायरीवर यायचे. पोरीला त्यांनी हात लावला नाही. आपले हात आता तिच्या अंगाला लावायच्या लायकीचे नाहीत, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. जावयाचा फोन यायचा, लेक आत जाऊन बोलायची, आणि तो काय म्हणतोय ते मामांना ऐकू यायचं नाही. ऐकावं असं धाडसही होत नव्हतं. शेजारीण येऊन आत बसून गेली. सख्खी बहीण आली, ती भावाच्या खांद्यावर हात ठेवून आत गेली. मामांनी कोणालाच विचारलं नाही, हात धुतलेत का म्हणून.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच झालं, म्हणजे काहीच नाही.

आणि पोरगी रडत होती. दवाखान्यातून आल्यापासून दुपारी ती जी किरकिर करायची, तिला अंत नव्हता. लेक तिला मांडीवर घ्यायची, खांद्यावर टाकायची, दूध द्यायची, फेऱ्या मारायची. मामांना पायरीवर सगळं ऐकू यायचं. ही दुपारची पाळी कोणाची, ते त्यांना माहीत होतं, लेकीला माहीत होतं आणि एवढीशी असली तरी त्या पोरीलाही माहीत होतं. मामा गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. आतला आवाज थकून हुंदक्यांवर आला, की त्यांचाही श्वास तसाच अडकत अडकत यायचा.

अशाच एका दुपारी रडणं दाराशी आलं. मामांनी वर पाहिलं नाही. लेक त्यांच्या मागे उंबऱ्यात उभी होती, खांद्यावर पोर, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिनं पोरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मग म्हणाली, "बाबा, शर्टाची बटणं काढा."

मामा म्हणाले, "पोरी, मी काय केलं ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"अगं, माझ्यामुळे तिचे—"

"ठाऊक आहे म्हटलं ना. विसरणार नाही मी ते. मीही खिळ्याला पिशवी अडकवलीच होती त्या दिवशी. हात गार आहेत का ते बघा आधी."

मामांनी हात एकमेकांवर चोळले, गालाला लावून पाहिले, पुन्हा चोळले. बटणं काढायला त्यांना फार वेळ लागला. लेकीनं पोरीचं झबलं काढलं, तिला त्यांच्या छातीवर टेकवलं आणि कान बरोबर जागेवर आलाय ना ते वाकून बघितलं. पोरगी आता हलकी राहिली नव्हती. पाय मांडीपर्यंत येत होते. तिनं दोनदा हुंदका दिला, गाल घासला, छातीवरचा एक केस मुठीत पकडला आणि गप्प झाली. डोळे उघडेच होते.

लेक आत गेली. जाताना तिनं दार ओढलं नाही. मामांनीही कडीकडे हात मागे नेला नाही.

गल्लीत सायकलची साखळी वाजली. पोरीनं छातीवरून डोकं उचललं आणि त्या दिशेला कान केला. मामांना तिचं सगळं अंग ताठ झालेलं कळलं.

"दूधवाला," ते तिच्या टाळूशी हळूच म्हणाले. "मागच्या चाकाला तेल नाही त्याच्या."

तिनं डोकं परत टेकवलं. थोड्या वेळानं घासत चालणाऱ्या चपला आल्या.

"शेजारच्या काकू. उजवा पाय दुखतो त्यांचा."

मग दोन पोरं पळत गेली, एक कुत्रं गेलं, कोणीतरी पाण्यानं भरलेली बादली नेली. गल्लीतून कोण आलं आणि कोण गेलं, ते मामा मालकिणीला एकेक करून सांगत राहिले.